अवघड इंग्रजी शब्द पक्के कसे करावेत? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी सविस्तर पद्धत

नाशिकमध्ये अशोक स्तंभापासून कॉलेज रोडपर्यंतच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, टेबलावर इंग्रजी शब्दांच्या याद्या दिसतातच. कुणी सैन्यात अधिकारी व्हायला सीडीएस देतंय, कुणी बँकेची परीक्षा, कुणाला परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत चांगला बँड, म्हणजे श्रेणी, हवाय. कळवण, सुरगाणा, पेठ, निफाडहून येऊन खोली करून राहणारी ही मुलं मेहनतीला मुळीच मागे नाहीत. तरी यादीचं गाडं 'बी'च्या पुढे फारसं सरकत नाही आणि तोवर 'ए'चे शब्द पुसट झालेले असतात.

यात दोष मुलांचा नाही, यादीचा आहे. अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची गर्दी होते. 'अबेट' म्हणजे जोर ओसरणे आणि 'अबेट' म्हणजे गुन्ह्याला साथ देणे. स्पेलिंग वेगळं, उच्चारात फक्त शेवटच्या स्वराचा फरक, देवनागरीत तर दोन्ही एकच. हे दोन शब्द एका दिवशी शेजारी शेजारी पाठ केले की परीक्षेत अदलाबदल ठरलेली. म्हणून पहिला नियम आत्ताच सांगतो: सारखे दिसणारे किंवा जवळजवळ एकाच अर्थाचे दोन नवे शब्द एका दिवशी घेऊ नका. एक अंगवळणी पडू द्या, मग दुसरा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. यादीत शब्द एकटा असतो, भाषेत तो कधीच एकटा नसतो. त्याचा गोतावळा असतो: तो कुणाबरोबर येतो, कुणाबरोबर अजिबात येत नाही, कौतुकाने येतो की नावं ठेवायला. हा गोतावळा माहीत नसेल तर अर्थ पाठ असूनही वाक्य फसतं. त्यामुळे शब्द कमी घ्या, आपल्या कामातून आणि वाचनातून घ्या, आणि घेतलेला प्रत्येक शब्द त्याच्या गोतावळ्यासकट घ्या. पुढे हेच कसं करायचं ते तपशीलवार देतो.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

इंग्रजी वर्तमानपत्रातला एखादा लेख घ्या. सलग शंभर शब्द मोजा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. रेघा एक-दोनच असतील तर तसला मजकूर तुम्ही शब्दकोशाशिवाय वाचू शकता. पाचच्या आसपास असतील तर शब्दकोश जवळ ठेवून वाचा, शिकण्यासाठी हीच पातळी सगळ्यात चांगली. दहाच्या वर गेल्या तर तो लेख आज तुमच्यासाठी नाही. सोपा मजकूर निवडा, त्यात कमीपणा काही नाही.

किती शब्द लागतात याचा अंदाजही असू द्या, म्हणजे पाच हजार किंवा दहा हजार शब्दांच्या जाहिरातींची भीती वाटणार नाही. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञांनी ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्यावर बरंच काम केलं होतं. त्यांची सुमारे २००० मूळ शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. दैनंदिन इंग्रजीचा बहुतांश भाग त्या शब्दांत भागतो आणि बारावीपर्यंत इंग्रजी विषय शिकलेल्याला त्यातले बरेचसे येत असतात. त्यापुढचा टप्पा न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सोपा करून ठेवला. सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर तपासून त्यांनी सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुळं वेगळी काढली. शब्दकुळ म्हणजे 'ॲनालाइज', 'ॲनालिसिस', 'ॲनालिटिकल', 'ॲनालिस्ट' अशी एका घरातली मंडळी. ही यादी इंटरनेटवर मोफत मिळते आणि ती अक्षरांनी नव्हे, वापराच्या प्रमाणानुसार दहा गटांत लावलेली आहे. रोज चार कुळं घेतली तर पाच महिन्यांच्या आत संपते. कुठली यादी वापरायचीच असेल तर हीच वापरा.

त्याच्या वरचे शब्द मात्र यादीतून येत नाहीत, वाचनातूनच येतात. पॉल नेशन या अभ्यासकाच्या हिशोबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनाअडथळा वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. हा काही वर्षांचा प्रवास आहे, तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सचा नाही.

सुरुवात पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरून

मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाच्या तोंडात संविधानाची उद्देशिका असते. तिचा इंग्रजी पाठ समोर ठेवा आणि ओळीला ओळ लावत वाचा. अर्थ आधीच पाठ असल्याने शब्दकोश उघडायचीही गरज पडत नाही. प्रगत शब्दांचा इतका चांगला पहिला धडा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

'संकल्पपूर्वक निर्धार करून' या जागी इंग्रजीत आहे 'हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड'. 'रिझॉल्व्ह' म्हणजे प्रश्न सोडवणे एवढंच आपल्याला माहीत असतं, इथे तो निर्धार करणे या अर्थाने येतो. 'निश्चितपणे प्राप्त करून देणे' याला इंग्रजीत एकच शब्द आहे, 'सिक्युअर'. 'प्रवर्धित करणे' म्हणजे 'प्रमोट', जो आपण फक्त बढतीसाठी वापरतो. 'अंगीकृत' म्हणजे 'अडॉप्ट', जो आपल्याला दत्तक घेण्यापुरता ठाऊक. 'अधिनियमित' म्हणजे 'एनॅक्ट', कायदा करणे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. प्रगत शब्दसंपत्ती म्हणजे नेहमी अनोळखी शब्द असं नाही. ओळखीच्या शब्दांचे दुसरे अर्थ हा तिचा निम्मा भाग आहे आणि परीक्षेत मुलं तिथेच अडकतात. 'टेंडर' म्हणजे निविदा, पण 'टेंडर वन्स रेझिग्नेशन' म्हणजे राजीनामा सादर करणे आणि 'टेंडर एज' म्हणजे कोवळं वय. 'ॲड्रेस द इश्यू' म्हणजे प्रश्नाला हात घालणे. 'सँक्शन' मंजुरीही असते आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' देखरेखही आणि नजरचूकही. असे शब्द दिसले की 'हा तर येतो' म्हणून पुढे जाऊ नका.

आता उद्देशिकेतला एकच शब्द जवळून बघू: 'इंटिग्रिटी'. तिथे त्याचा अर्थ एकात्मता. बातम्यांत 'टेरिटोरियल इंटिग्रिटी' येतं, म्हणजे देशाच्या भूभागाची अखंडता. 'अ पर्सन ऑफ इंटिग्रिटी' म्हटलं की सचोटीचा माणूस. संगणकवाले 'डेटा इंटिग्रिटी' म्हणतात, म्हणजे माहितीत मोडतोड झालेली नसणे. चार अर्थ पाठ करायचे का? नको. गणितातला 'इंटिजर' आठवा, म्हणजे पूर्णांक. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच सबंध, न तुटलेला. राष्ट्र सबंध, भूभाग सबंध, माहिती सबंध, आणि माणूस आतून-बाहेरून एकच. 'इंटिग्रेट', 'इंटिग्रल', 'डिसइंटिग्रेट' हे त्याच घरातले. एका शब्दाला अर्धा तास दिला तरी चालेल, कारण त्या अर्ध्या तासात अर्धा डझन शब्द हाती लागतात.

'फ्रॅटर्निटी' म्हणजे बंधुता. त्यातला 'फ्रॅटर' हा लॅटिन शब्द आपल्या 'भ्राता'चा सख्खा नातेवाईक. हे नातं पुढे कामाला येणार आहे.

शेतातले, कारखान्यातले, बाजार समितीतले शब्द

नाशिकचा माणूस इंग्रजी शब्दांत नवखा नाही, फक्त त्याला ते शब्द इंग्रजी म्हणून मोजायची सवय नाही. द्राक्ष निर्यात करणाऱ्या घरातल्या पोराला 'रेसिड्यू', 'कन्साइनमेंट', 'ट्रेसेबिलिटी', 'फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट' हे शब्द बोलता बोलता येतात. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलालाही यातला शेवटचा सांगता येईलच असं नाही. 'फायटो' म्हणजे वनस्पती, 'सॅनिटरी' म्हणजे आरोग्याचं. 'रेसिड्यू' म्हणजे फवारणीनंतर मालावर उरलेला औषधाचा अंश. त्यावरून 'रेसिड्युअल' म्हणजे मागे उरलेला, मग 'रेसिड्युअल पेन', 'रेसिड्युअल डाउट'.

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहून डब्यांवरचे शब्द वाचा: 'पेस्टिसाइड', 'फंगिसाइड', 'हर्बिसाइड', 'इन्सेक्टिसाइड'. सगळ्यांच्या शेवटी 'साइड'. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ कापणे, मारणे. आता वर्तमानपत्र उघडा: 'होमिसाइड' म्हणजे मनुष्यवध, 'जेनोसाइड' म्हणजे वंशसंहार, 'इन्फँटिसाइड' म्हणजे अर्भकहत्या, आणि उद्देशिकेतल्या 'फ्रॅटर'ला जोडलं की 'फ्रॅट्रिसाइड', भावाचा खून. हे मूळ आणखीही खोल जातं. 'प्रिसाइज', 'कन्साइज', 'इन्सिजन' हे सगळे त्या 'कापणे'तूनच आले. 'डिसाइड'सुद्धा. आपण एक घाव दोन तुकडे करून टाकतो ना, तोच भाव. एवढं मोठं कुळ आणि त्याची सुरुवात द्राक्षावरच्या डावणी-भुरी रोगांच्या औषधाच्या डब्यावर.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, ती 'डॉर्मन्सी' मोडायला. 'डॉर्मंट' म्हणजे झोपलेला, सुप्त. वसतिगृहातली 'डॉर्मिटरी' त्याच मुळातली. पुढे 'डॉर्मंट अकाउंट' म्हणजे व्यवहार नसलेलं खातं आणि 'डॉर्मंट व्होल्कॅनो' म्हणजे सुप्त ज्वालामुखी.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचा खजिना वेगळाच आहे. तिथले शब्द यंत्रापुरते शिकलेले असतात, पण इंग्रजीत त्यांचे लाक्षणिक अर्थ सर्रास चालतात. पॉलिश पेपर 'अब्रेझिव्ह' असतो, तसा लोकांना खरवडत बोलणारा माणूसही 'अब्रेझिव्ह'. गेज 'कॅलिब्रेट' करतात, तसं सरकारचं 'कॅलिब्रेटेड रिस्पॉन्स' म्हणजे मोजूनमापून दिलेलं उत्तर. ठोकून आकार देता येणारा धातू 'मॅलिएबल', तसं लहान मुलाचं मनही. ड्रॉइंगवर 'टॉलरन्स' लिहिलेला असतो, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा, आणि माणसांबद्दल बोलताना त्याचीच होते सहिष्णुता. अर्थ हाताने अनुभवलेला असल्याने असे शब्द विसरले जात नाहीत.

लासलगावच्या कांद्याची बातमी मराठी आणि इंग्रजी दोन्ही वर्तमानपत्रांत एकाच दिवशी येते. आधी मराठीत वाचा, मग इंग्रजीत. भाव 'व्होलटाइल', म्हणजे अस्थिर असतात, 'फ्लक्चुएट', म्हणजे वरखाली होतात, आवक वाढून 'ग्लट' आला की 'प्लमेट' होतात. 'प्लमेट' म्हणजे मुळात गवंड्याच्या ओळंब्याचा शिशाचा गोळा, जो सरळ खाली जातो. म्हणून भाव जरासे उतरले तर 'प्लमेट' म्हणायचं नाही, धाडकन कोसळले तरच.

तर पहिल्या आठवड्याचं काम हे: आपल्या घरच्या, नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या क्षेत्रातले वीसेक इंग्रजी शब्द लिहून काढा, जे तुम्ही मराठी बोलताना वापरता. त्यातला प्रत्येक शब्द शब्दकोशात बघा आणि त्याचा तुमच्या क्षेत्राबाहेरचा अर्थ शोधा.

एका शब्दाचं कार्ड

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी हवा, आणि तोही शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांत अर्थ सोप्या शब्दांत दिलेला असतो, उदाहरणाची वाक्यं असतात आणि उच्चार ऐकता येतो. इंग्रजी-मराठी शब्दकोश टाकून देऊ नका, पण तो दुसऱ्यांदा उघडा. इंग्रजी व्याख्या वाचून आधी स्वतः मराठी शब्द सुचतो का बघा, मग पडताळा.

कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घेतल्या तरी चालतात, कागद जाड असतो. 'मिटिगेट' या शब्दाचं कार्ड मी असं करायला सांगतो.

पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहायचा नाही. तिथे गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा: 'द प्लास्टिक कव्हर हेल्प्ड टू … द डॅमेज फ्रॉम अनसीझनल रेन', आणि खाली मराठीत 'तीव्रता कमी करणे'. शब्द डोक्यातून बाहेर काढावा लागला पाहिजे. शब्द बघून अर्थ आठवणं सोपं असतं, अर्थावरून शब्द आठवणं कठीण, आणि बोलताना-लिहिताना नेमकं हे दुसरंच करावं लागतं.

मागच्या बाजूला शब्द, उच्चार आणि जोर कुठे ते: मि-टि-गेट, जोर पहिल्या 'मि'वर. मग सोबत, म्हणजे त्याच्याबरोबर येणारे शब्द: 'मिटिगेट द रिस्क', 'द इम्पॅक्ट', 'द इफेक्ट्स', 'द डॅमेज'. नाम 'मिटिगेशन'. न्यायालयाच्या भाषेत 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणजे शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती, त्याच्या उलट 'ॲग्रव्हेटिंग'. शेवटी धोक्याची ओळ: 'मिटिगेट अगेन्स्ट' चूक आहे, ती जागा 'मिलिटेट अगेन्स्ट'ची. आणि 'मिटिगेट' म्हणजे संकट टाळणे नव्हे. संकट येतंच, फक्त त्याची झळ कमी बसते.

हा शब्द पक्का झाल्यावर, दोन आठवड्यांनी वगैरे, त्याचे शेजारी घ्या. 'अलिव्हिएट' वेदना, दुःख, दारिद्र्य यांच्याबरोबर येतो, ओझं हलकं करणे. 'अमीलिओरेट' परिस्थिती सुधारण्यासाठी. मराठीत आपण 'दुःख हलकं झालं' म्हणतो, 'जोखीम हलकी झाली' म्हणत नाही, तशीच ही वाटणी आहे.

एका दिवशी अशी चार-पाच कार्डं भरपूर झाली. पंधरा केली तर उजळणीचा डोंगर होतो आणि महिन्याभरात सगळंच बंद पडतं.

सोबत आणि सूर

आपण आंघोळ करतो, शपथ घेतो, पैज लावतो. 'शपथ करतो' म्हणणाऱ्याला व्याकरण दाखवून चूक पटवता येत नाही, पण कानाला खटकतं. इंग्रजीतही असंच. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. गुन्हा 'कमिट' करतात, निर्णय 'मेक' करतात, निष्कर्ष 'ड्रॉ' करतात, लक्ष 'पे' करतात. मराठीतून वाक्य उचललं की 'टेक' किंवा 'डू' घातलं जातं आणि तिथेच गडबड होते. अर्थाइतकंच सोबतीलाही महत्त्व द्या: नवा शब्द लिहिताना त्याच्याबरोबरचा किमान एक शब्द लिहिल्याशिवाय कार्ड पूर्ण मानू नका. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको, 'कोप'नंतर 'अप' नको, 'कॉम्प्राइज'नंतर 'ऑफ' नको. या तीन चुका तर फळ्यावर कायमच्या लिहून ठेवाव्यात इतक्या वेळा होतात.

सुराचंही तसंच आहे. काटकसरी आणि कंजूस यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. 'फ्रुगल' आणि 'थ्रिफ्टी' काटकसरी, 'स्टिंजी' आणि 'मायझर्ली' कंजूस. 'नोटोरियस' म्हणजे कुप्रसिद्ध, तो 'फेमस'च्या जागी टाकला तर समोरच्याचा अपमान होतो. पर्यायी शब्दांच्या यादीत मात्र हे सगळे एकाच ओळीत असतात.

मुळं: कुठे उपयोगी, कुठे फसवी

संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक या भाषांचं मूळ एक असावं हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे मांडला आणि पुढच्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी तो सिद्ध केला. मराठी माणसासाठी ही नुसती अभिमानाची बाब नाही, रोजच्या अभ्यासाचं साधन आहे. दंत आणि 'डेंटल', अग्नी आणि 'इग्नाइट', मृत आणि 'मॉर्टल', नाम आणि 'नॉमिनल', वाचा आणि 'व्होकल', विधवा आणि 'विडो'. 'अज्ञान' आणि 'इग्नोरन्स' तर बांधणीतही सारखे आहेत: आधी नकार, मग जाणण्याचा धातू. 'अनॉनिमस'मध्ये आपल्यासारखाच 'अन' आणि नावाचा धातू आहे, अर्थ अनामिक.

पण दिसायला सारखे ते सगळे नातेवाईक नसतात. स्वतःच्या अंदाजाने नाती जुळवू नका, शब्दकोशात व्युत्पत्ती बघा. लॅटिन-ग्रीकमध्येही खड्डे आहेत. 'पेडल' आणि 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' म्हणजे पाय, 'पेडिअॅट्रिक्स' आणि 'पेडॅगॉजी'मधला मूल. 'इन' म्हणजे नेहमी नकार नाही: इंधनाच्या टँकरवरचा 'इन्फ्लेमेबल' म्हणजे सहज पेट घेणारा, आणि नकार असला तरी 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. मूळ हे अंदाज बांधायला आणि लक्षात ठेवायला वापरा, अर्थ ठरवायला नाही.

उजळणीची पेटी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं की पाठ केलेलं विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो, नंतर तो मंदावतो. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या बघितलाच पाहिजे, पुढच्या उजळण्या लांब लांब गेल्या तरी चालतात. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कार्डांच्या पेटीची पद्धत लोकांसमोर ठेवली.

बुटांच्या खोक्यात पुठ्ठे उभे लावून पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून, चौथा पंधरवड्यातून आणि पाचवा महिन्यातून एकदा बघायचा. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. कार्ड उलटायच्या आधी उत्तर मोठ्याने म्हणायचं, 'येतंय की' असं मनात म्हणून उलटायचं नाही. हे काम मोबाईलवर करायचं असेल तर अंकी नावाचं ॲप आहे, ते अँड्रॉइडवर आणि संगणकावर मोफत आहे. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला अप-डाउन करणाऱ्यांना तेच सोयीचं. पण ॲपमधले दुसऱ्यांनी बनवलेले तयार संच उतरवून घेऊ नका. कार्ड स्वतः बनवण्यातच निम्मं शिकणं होतं.

उच्चार

मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. शब्दाचं रूप बदललं की जोरही सरकतो: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटॉग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. प्रत्येक कार्डावर जोराची खूण हवी ती यासाठी. आणि स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका. नुसते वाचून शिकलेले शब्द इथेच उघडे पडतात: 'एपिटमी' (एपिटोम नव्हे), 'हायपर्बली' (हायपरबोल नव्हे), 'सटल' (त्यातला बी मुका), 'केऑस', 'इंडाइट' (सी मुका), 'कू' (पी मुका), 'फसाड'. शब्दकोशातलं ध्वनिचिन्ह दाबा, दोनदा ऐका, तीनदा म्हणा.

वापरून बघणं

दर रविवारी त्या आठवड्यातले पाच-सहा शब्द घेऊन एक परिच्छेद लिहा, विषय आपल्या गावातलाच. २०२७ च्या कुंभमेळ्याची तयारी हा विषय घेतला तर 'द सिटी इज ब्रेसिंग फॉर ॲन इन्फ्लक्स ऑफ पिलग्रिम्स' असं वाक्य होईल. 'ब्रेस फॉर' म्हणजे संकटासाठी किंवा ताणासाठी सज्ज होणे, 'इन्फ्लक्स' म्हणजे लोंढा. असं वाक्य लिहून झाल्यावर ते शब्दांचे जोड अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. चांगल्या वर्तमानपत्रांत तसे जोड भरपूर सापडले तर ठीक, अगदीच न सापडले तर सोबत चुकली असं समजा.

एक आग्रहाने सांगतो. जड शब्द जिथे लागतो तिथेच वापरा. 'यूज' पुरेसा असताना 'युटिलाइज' लिहून परिच्छेद भारदस्त होत नाही, कृत्रिम होतो. 'व्हेरी बिग प्रॉब्लेम'च्या जागी 'सिव्हिअर प्रॉब्लेम' लिहिलं तर नेमकेपणा वाढतो, म्हणून तो बदल चांगला. मुलाखतीत तर साधा शब्द अचूक उच्चारणारा उमेदवार आत्मविश्वासाने बोलतो, आणि पाठ केलेला अवघड शब्द घुसवणारा मध्येच अडखळतो.

वाचनासाठी सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे आपल्या सावानाचं सदस्यत्व घ्या. १८४० पासून चालत आलेलं वाचनालय शहरात असताना पुस्तकं महाग म्हणून वाचन थांबू नये. सुरुवातीला ज्यांची मराठी आवृत्ती तुम्ही आधी वाचली आहे अशीच इंग्रजी पुस्तकं काढा.

परीक्षेनुसार थोडा फरक

सीडीएसच्या इंग्रजीच्या पेपरात समानार्थी-विरुद्धार्थी शब्द थेट विचारतात, त्यामुळे कार्डाच्या मागे एक विरुद्धार्थी शब्द जोडा आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. बँकेच्या परीक्षांत गाळलेल्या जागांचे उतारे येतात, तिथे सोबतीचं ज्ञान थेट गुण देतं. यूपीएससी मुख्य परीक्षेतला अनिवार्य इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा असला तरी फक्त पात्रतेपुरता आहे, तिथे स्वच्छ साधं इंग्रजी पुरतं. आयईएलटीएसच्या लेखनात आणि संभाषणात शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक आहे आणि त्यात शब्द किती अचूक आणि सहज वापरला हेही बघतात. परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई देणाऱ्यांनी जुनी पुस्तकं जपून वापरावीत. विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे प्रश्न २०११ सालीच बंद झाले, आता शब्द वाक्याच्या संदर्भातूनच ओळखावा लागतो.

पाचव्या कप्प्यात लागोपाठ दोन महिने बरोबर आलेलं कार्ड पेटीतून काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. मात्र त्याआधी तो शब्द तुम्ही स्वतःहून, कार्ड न बघता, एकदा तरी लिहिला किंवा बोलला असला पाहिजे. नसेल तर पुढच्या रविवारच्या परिच्छेदात त्याचा नंबर पहिला.